काठावर पास, वर्षाला २२ हजार डॉलर

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ कॅम्पसमधल्या अर्थशास्त्र विभागाने २००८ साली एक नियम लागू केला. सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्राचे जे दोन प्राथमिक कोर्स असतात, त्या दोन्हींच्या ग्रेडची सरासरी ४ पैकी २.८ किंवा जास्त असेल तरच अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेता येईल. त्याखाली असाल तर दुसरा विषय बघा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी प्रवेश घेतानाच विषय कायमचा ठरत नाही. पहिली वर्ष-दोन वर्षं मुलं चार विभागांतले वर्ग करून बघतात आणि मग ‘मेजर’ जाहीर करतात. सांताक्रूझला ते जाहीर करायच्या दारावरच ही चाळणी बसली.

हा नियम प्रशासकीय होता, त्यामागे कुठलाही प्रयोग नव्हता. पण पुढे झॅकरी ब्लीमर आणि आशीष मेहता या दोन अर्थशास्त्रज्ञांना त्यात एक फुकट मिळालेली प्रयोगशाळा दिसली. त्यांचा निबंध २०२२ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक जर्नल : अप्लाइड इकॉनॉमिक्स’मध्ये छापून आला. शीर्षकातच त्यांनी विचारलं होतं की अर्थशास्त्र शिकून माणूस श्रीमंत होतो का. अर्थशास्त्रातल्या निबंधांची शीर्षकं सहसा इतकी सरळ नसतात.

आपल्याकडे हा प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने विचारला जातो. मुलीने बी.ए.ला इकॉनॉमिक्स घेतलं असं सांगितलं की समोरचा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘छान! मग पुढे काय, एमबीए की एमपीएससी?’ म्हणजे पदवी ही फक्त पायरी, पैसा तिच्या पुढे कुठेतरी. सांताक्रूझचं प्रकरण नीट उलगडून बघायचं ते यासाठी की नुसत्या तीन-चार वर्षांच्या त्या पदवीची, पुढचं काही न शिकता, पैशात किंमत किती हे इतक्या स्वच्छपणे फार कमी ठिकाणी मोजलं गेलं आहे.

नुसती सरासरी का पुरत नाही

अमेरिकेच्या जनगणना खात्याची एक वार्षिक पाहणी असते. २००९ पासून तीत पदवीधरांना मुख्य विषय कोणता होता हेही विचारतात. त्या आकड्यांत अर्थशास्त्रवाले इतर सामाजिक शास्त्रांच्या पदवीधरांपेक्षा बरेच वर दिसतात. तक्ता समोर ठेवला की प्रश्न मिटला असं वाटतं.

मिटत नाही, कारण अर्थशास्त्र घेणारी मुलं आणि मानसशास्त्र घेणारी मुलं मुळातच एकसारखी नसतात. गणिताची भीती नसलेली, घरात धंद्याच्या किंवा शेअर बाजाराच्या गप्पा ऐकलेली, पगाराचा विचार आधीपासून करणारी मुलं अर्थशास्त्राकडे जास्त वळतात. हीच मुलं इतिहास शिकली असती तरी कदाचित चांगलंच कमावती. मग त्या जास्तीच्या पगारातला किती भाग विषयाचा आणि किती त्या मुलांचाच? तक्त्यातून हे सांगता येत नाही. कोचिंग क्लासच्या जाहिरातीत टॉपर्सचे फोटो बघून क्लास ठरवणारे पालक हीच चूक करतात; टॉपर क्लासमुळे झाला की टॉपर होणाराच त्या क्लासला गेला, हे फोटो सांगत नाही.

खरी तुलना करायची तर एकच मुलगी दोनदा जगायला हवी. एकदा अर्थशास्त्र घेऊन, एकदा न घेता. ते शक्य नाही. त्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे काठावरची मुलं.

२.७ आणि २.८५

त्या विद्यापीठात बी ग्रेडचे ३.०, बी मायनसचे २.७, सी प्लसचे २.३ गुण धरतात. आता तीन मुलं समजा. पहिल्याला दोन्ही कोर्समध्ये बी मायनस : सरासरी २.७, बाहेर. दुसऱ्याला एकात बी आणि एकात बी मायनस : २.८५, आत. तिसऱ्याला एकात बी प्लस म्हणजे ३.३ आणि दुसऱ्यात सी प्लस : बरोबर २.८, काठावर पास, आत. पहिल्या आणि दुसऱ्या मुलामधला फरक परीक्षेतल्या एखाद्या प्रश्नाचा असू शकतो. आदल्या रात्रीची सर्दी, तपासनिसाचा मूड, नशीब. हुशारीत, घरच्या परिस्थितीत, महत्त्वाकांक्षेत ही मुलं जवळपास सारखी. संशोधकांनी हे गृहीत धरलं नाही, पडताळलं : २.८ च्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मुलांची पार्श्वभूमी ताडून पाहिली आणि त्या रेषेवर तिच्यात उडी दिसली नाही.

म्हणजे रेषेवर उडी आहे ती एकाच गोष्टीत, अर्थशास्त्र मेजर मिळण्यात. मग पुढच्या पगारातही त्याच रेषेवर उडी दिसली तर ती विषयामुळेच. या पद्धतीला रिग्रेशन डिसकन्टिन्युइटी म्हणतात. नाव घाबरवणारं असलं तरी कल्पना प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. ९२.४ टक्क्यांना बंद झालेली यादी आणि ९२.२ टक्क्यांचा आपला मुलगा, या दोघांमध्ये गुणवत्तेचा फरक नाही हे सांगून आई-वडील थकतात. इथे तेच म्हणणं संशोधकांनी शास्त्र म्हणून वापरलं.

२००८ ते २०१२ या काळात कॅम्पसवर आलेल्या तुकड्या त्यांनी घेतल्या. विद्यापीठाकडून ग्रेड आणि विषयांची नोंद मिळवली, आणि ती कॅलिफोर्नियाच्या रोजगार खात्याकडच्या पगाराच्या नोंदींशी जोडली. तिथे बेरोजगारी विम्यासाठी मालकांना प्रत्येक कर्मचाऱ्याचा पगार दर तिमाहीला सरकारला कळवावा लागतो. त्यामुळे ‘तुम्ही किती कमावता’ असं कुणाला फोन करून विचारण्याची गरज नव्हती. २०१७ आणि २०१८ चे पगार बघितले, तेव्हा ही मुलं साधारण २३ ते २८ वर्षांची होती.

आकडा

काठावर आत आलेल्यांना अर्थशास्त्र घेतल्यामुळे वर्षाला सुमारे २२,००० डॉलर जास्त मिळत होते. दुसऱ्या पसंतीचा विषय घेतला असता तर जे मिळालं असतं त्याच्या ४६ टक्के जास्त. उलटं गणित केलं तर दुसऱ्या वाटेवरचा पगार सुमारे ४८,००० डॉलर आणि अर्थशास्त्राच्या वाटेवरचा सुमारे ७०,००० असा हिशेब बसतो. तेव्हाच्या डॉलरच्या दराने २२,००० म्हणजे १४-१५ लाख रुपये. अर्थात रुपयात बदलून हुरळून जाण्यात अर्थ नाही. सांताक्रूझ आणि डोंगरापलीकडची सिलिकॉन व्हॅली इथलं घरभाडं त्यातला किती घास घेतं हे तिथे राहणाऱ्या कुणालाही विचारा.

या आकड्याची एक खुबी समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. २.८ च्या वर गेलेला प्रत्येक जण अर्थशास्त्र घेत नव्हता, आणि खालचा प्रत्येक जण अडकत नव्हता. अर्ज-विनंत्या करून काही जण आत शिरत होते. नियम आहे तिथे अर्ज-विनंत्या असतातच, मग तो कॅलिफोर्निया असो की कोल्हापूर. रेषेच्या पलीकडे गेल्यावर अर्थशास्त्र घेण्याची शक्यता ३६ टक्के बिंदूंनी वाढत होती. म्हणजे रेषेजवळच्या शंभर मुलांपैकी ३६ जणांच्या बाबतीत त्या एका ग्रेडने विषय ठरवला. म्हणून रेषेच्या दोन बाजूंच्या सरसकट सगळ्या मुलांची तुलना केली तर पगारातली उडी सुमारे ८,००० डॉलरचीच भरते. ती ज्या ३६ जणांमुळे आली त्यांच्यावर वाटली की २२,००० होतात. ज्यांनी कसंही करून अर्थशास्त्र घेतलंच असतं, आणि ज्यांना ते नकोच होतं, त्यांच्याबद्दल हा आकडा काहीच बोलत नाही.

आणि गंमत म्हणजे हा काटेकोरपणे काढलेला आकडा, त्या ढोबळ राष्ट्रीय तक्त्यातल्या फरकाच्या जवळच निघाला. निवडीचा सगळा गोंधळ बाजूला केल्यावर फरक बराच वितळेल अशी माझी तरी अपेक्षा असती. तो वितळला नाही. निदान या विषयापुरता तक्ता फार खोटं बोलत नव्हता.

पैसा कुठून आला

पहिली शंका अशी की अर्थशास्त्र मिळालेली मुलं जास्त शिकली असतील. तसं झालं नाही. पदवी पूर्ण होण्याच्या प्रमाणात किंवा पदव्युत्तर शिक्षणाकडे जाण्यात रेषेवर फरक आढळला नाही. ‘बी.ए. इकॉनॉमिक्स म्हणजे एमबीएची पायरी’ या आपल्या समजुतीला इथे आधार नाही. पायरीवर उभं राहूनच पगार वाढला होता.

मग कुठून? जवळपास निम्मा फरक ही मुलं कुठल्या धंद्यात गेली यावरून समजतो. अर्थशास्त्र घेतलेली मुलं बँका, गुंतवणूक कंपन्या, विमा, स्थावर मालमत्ता, हिशेब आणि लेखापरीक्षण अशा, मुळातच जास्त पगार देणाऱ्या उद्योगांत जास्त गेली. उरलेला निम्मा मात्र एकाच प्रकारच्या उद्योगात राहूनही पडणारा फरक आहे. तो कौशल्याचा की बायोडेटावरच्या शिक्क्याचा, हे या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत रोचक गोष्ट पगाराची नाहीच. कॅलिफोर्निया विद्यापीठ आपल्या विद्यार्थ्यांची पाहणी करतं आणि पुढे कुठल्या क्षेत्रात जायचंय हे त्यांना विचारतं. रेषेच्या वर राहून अर्थशास्त्र मिळालेल्या मुलांमध्ये व्यवसाय-वित्त क्षेत्रात जायचंय असं सांगणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. नोकरी लागायच्या आधी, कॉलेजात असतानाच. लक्षात घ्या, ही रेषेच्या दोन बाजूंची तीच सारखी मुलं. प्राथमिक कोर्सला बसली तेव्हा दोघांनाही अर्थशास्त्राची सारखीच ओढ असणार. मग एकाला विषय मिळाला, दुसऱ्याला नाही, आणि दोन वर्षांत दोघांच्या इच्छाच वेगळ्या झाल्या.

आपण मुलांची आवड ही आधीपासून आत दडलेली वस्तू समजतो. ती शोधायला अभिरुची चाचणी, समुपदेशक, दहावीनंतरचं एक महागडं सत्र. ‘तिला आवड असेल ते करू दे’ असं म्हणणारे पालक स्वतःला उदार समजतात, आणि ते असतातही. पण सांताक्रूझमध्ये आवड विषयाच्या मागून आली. वर्गात शेजारी बसणाऱ्यांनी कुठे इंटर्नशिप घेतली, विभागाच्या फलकावर कुठल्या कंपन्यांची पत्रकं लागली, शिक्षकांनी कुठली उदाहरणं दिली, यातून माणसाला काय हवंसं वाटतं हे घडत जातं. बी मायनसवाल्याला बँक आवडेनाशी झाली असं नव्हे. बँकेचा विचार करायला लावणारं त्याच्या आजूबाजूला काही उरलं नाही, इतकंच.

कुठलं अर्थशास्त्र?

इथे एक पाचर मारून ठेवायला हवी. सांताक्रूझच्या अर्थशास्त्र विभागात नुसतं अर्थशास्त्र शिकवत नाहीत. ‘बिझनेस मॅनेजमेंट इकॉनॉमिक्स’ आणि ‘ग्लोबल इकॉनॉमिक्स’ ही मेजरं तिथेच आहेत, हिशेबाचे वर्गही तिथेच. आपल्या बी.कॉम.सारखी वाणिज्य शाखा त्या कॅम्पसवर वेगळी नाही. ज्याला धंदा-व्यापाराकडे जायचंय त्याला याच दारातून जावं लागतं.

त्यामुळे ‘अर्थशास्त्राने २२ हजार दिले’ असं म्हणताना ते मागणी-पुरवठ्याच्या आलेखांनी दिले की ताळेबंद वाचता येण्याने, हे विचारायला जागा आहे. अर्थशास्त्राचे प्राध्यापक हा निबंध आनंदाने विद्यार्थ्यांना दाखवतात. त्यांनी हा परिच्छेदही दाखवावा. जिथे बाजूलाच भक्कम वाणिज्य महाविद्यालय आहे तिथे शुद्ध अर्थशास्त्राच्या पदवीची किंमत इतकीच निघेल असं धरून चालता येत नाही.

मोजणीच्या मर्यादाही आहेतच. कॅलिफोर्नियाबाहेर नोकरीला गेलेला, स्वतःचा धंदा काढलेला, केंद्र सरकारच्या नोकरीत गेलेला माणूस राज्याच्या पगारनोंदीत सापडत नाही. २८ व्या वर्षानंतरचं आयुष्य यात नाही. आणि मानसशास्त्राकडे वळलेली एखादी मुलगी शाळेत समुपदेशक होऊन सुखात असेल, तर तिचं सुख रोजगार खात्याकडे कुणी कळवत नाही.

खर्चाची बाजू

पदवीची किंमत म्हटलं की आपण लगेच फी वजा करायला बसतो. २०११-१२ साली राज्यातल्या विद्यार्थ्याला कॅलिफोर्निया विद्यापीठाची फी वर्षाला १२,००० डॉलरच्या थोडी वर होती, राहणं-खाणं वेगळं. पण इथे त्या फीचा संबंधच येत नाही, कारण मानसशास्त्र घ्या नाहीतर अर्थशास्त्र, फी तीच, वर्षं तितकीच, वसतिगृहाची खोली तीच. कॉलेजला जायचं की नाही हा निर्णय आधीच होऊन गेलेला होता. विषय बदलण्याचा जादा खर्च जवळपास शून्य, आणि परतावा वर्षाला २२,००० डॉलर. हा फरक वाढला नाही, घटलाही नाही, नुसता दहा वर्षं टिकला असं धरलं तरी २ लाख २० हजार डॉलर होतात. करपूर्व, व्याज-बिज न धरता, माझा पाकिटामागचा हिशेब आहे. पण इतक्या स्वस्तात इतका परतावा देणारा दुसरा निर्णय विशीतल्या मुलाच्या हातात क्वचितच असतो.

म्हणूनच त्या नियमाकडे परत बघावंसं वाटतं. असे नियम अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत बऱ्याच विभागांत आहेत : संगणकशास्त्र, अभियांत्रिकी, परिचारिका प्रशिक्षण. विद्यार्थी जास्त, शिकवणारे कमी, म्हणून दारावर चाळणी. त्याला जोडून एक समजूत असते की कच्च्या मुलांना हा विषय झेपणार नाही, त्यांच्या हिताचंच आहे. सांताक्रूझच्या आकड्यांनी या समजुतीतली हवा काढली. रेषेवरची मुलं म्हणजे आत आलेल्यांतली सर्वांत कच्ची मुलं. त्यांनाच ४६ टक्क्यांचा फायदा झाला. जी थोडक्यात बाहेर राहिली, त्यांनाही झाला असता.

आणि बाहेर कोण राहतं? ब्लीमर आणि मेहता यांनी त्याच विद्यापीठाच्या चार कॅम्पसवरच्या अशा नियमांचा वेगळा अभ्यासही केला. चाळणी बसली की कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूळनिवासी विद्यार्थ्यांचं त्या विषयातलं प्रमाण घटतं. ते मागे पडतात कारण शाळेतली त्यांची तयारी कमी पडते, प्राथमिक कोर्समध्ये ते अडखळतात, आणि त्याच कोर्सची सरासरी धरली जाते. शाळेतला फरक कॉलेजने भरून काढायचा, तर कॉलेज त्यावर शिक्का मारतं. ‘मेरिट’वरून आपल्याकडे चाललेल्या वादात ज्यांनी बराच काळ घालवला आहे त्यांना यात नवं काही वाटणार नाही. नवं इतकंच की इथे त्या एका ग्रेडची किंमत डॉलरमध्ये लिहिलेली आहे.

‘नाही मिळालं तर काय’

सांताक्रूझमध्ये बाहेर राहिलेली बरीचशी मुलं दुसऱ्या सामाजिक शास्त्रांकडे गेली, मानसशास्त्र, समाजशास्त्र वगैरे. म्हणजे २२ हजार ही अर्थशास्त्राची एकट्याची किंमत नसून, अर्थशास्त्र आणि त्यांच्या दुसऱ्या पसंतीच्या विषयात असलेलं अंतर आहे. हीच मुलं नाइलाजाने संगणकशास्त्राकडे गेली असती तर अंतर कदाचित उलट्या बाजूला गेलं असतं.

नॉर्वेत हे आणखी व्यवस्थित दिसतं. तिथे प्रवेश केंद्रीय पद्धतीने होतात, विद्यार्थी पसंतिक्रम भरून देतात, आपल्या अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशासारखंच. त्यामुळे कुणाची दुसरी पसंती काय होती याची लेखी नोंदच असते. किर्केबोएन, लेउवेन आणि मोगस्टाड यांनी २०१६ मध्ये त्या नोंदींवरून दाखवलं की एकाच शाखेचा आर्थिक फायदा माणसागणिक बदलतो, आणि तो कुठली शाखा सोडून इथे आलात यावर ठरतो.

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत या अंतराला आणखी एक पदर आहे, आणि त्याचा अर्थशास्त्राशी काही संबंध नाही. विद्यार्थी व्हिसावर पदवी घेतल्यावर साधारण १२ महिने काम करता येतं. विषय विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीत असेल तर आणखी २४ महिने. साध्या अर्थशास्त्राचा सांकेतिक क्रमांक ४५.०६०१, तो त्या यादीत नाही. ‘अर्थमिती आणि संख्यात्मक अर्थशास्त्र’ याचा ४५.०६०३, तो आहे. बऱ्याच विद्यापीठांनी गेल्या काही वर्षांत आपली अर्थशास्त्राची पदवी पहिल्या क्रमांकावरून दुसऱ्यावर नेली. त्यामुळे परदेशी मुलाला एकाऐवजी तीन वर्षं कमावण्याची मुदत मिळते आणि तेवढ्यात कर्ज फेडण्याची शक्यता बरीच बदलते. शिक्षणकर्ज काढून मुलाला पाठवणाऱ्या पालकांनी प्राध्यापकांची नावं बघण्याआधी हा क्रमांक बघावा. रुक्ष सल्ला आहे, पण कर्जाचा हप्ता त्याहून रुक्ष असतो.

महाराष्ट्रात हे आकडे आणून चिकटवणं मात्र चुकीचं. इथे नुसत्या पदवीवर अर्थशास्त्रज्ञ म्हणून उघडणारी दारं थोडी आहेत. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला बसायला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागात अधिकारी व्हायलाही तेच. एमपीएससीला कुठलीही पदवी चालते, तिथे अर्थशास्त्रवाल्याला अभ्यासात थोडी सोय, बाकी काही नाही. विषयाची गणिती धारही सगळीकडे सारखी नाही. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला गणित घेतल्याशिवाय प्रवेश नाही. आपल्याकडच्या बहुतेक बी.ए.ला तशी अट नाही, आणि पुण्यातल्या गोखले संस्थेसारख्या ठिकाणची बी.एस्सी. अर्थशास्त्र ही वेगळीच गोष्ट आहे. दोन्हीच्या पदवीपत्रावर विषय तोच, कंपनी मुलाखतीत विचारते ते प्रश्न वेगळे.

आणि मुख्य म्हणजे इथे अंतर मोजायचं कशापासून? मुंबईतल्या एखाद्या नावाजलेल्या कॉलेजच्या एफ.वाय.बी.ए.च्या वर्गात दोन मुली शेजारी बसल्या आहेत असं समजा. एक बारावी कॉमर्स करून आली. अर्थशास्त्र नसतं मिळालं तर ती बी.कॉम.ला गेली असती, किंवा बी.ए.एफ.ला (हिशेब आणि वित्त), किंवा २०२४ पासून सीईटी देऊन बी.एम.एस.ला (व्यवस्थापन). म्हणजे बँक, विमा, हिशेब, तेच उद्योग, ज्यांच्यात शिरल्याने सांताक्रूझच्या मुलांना निम्मा फायदा झाला, तिच्यासाठी तसेही उघडे होते. तिच्यापुरती अर्थशास्त्राच्या पदवीची जादा किंमत लहानच असणार, आणि कदाचित सी.ए.चा अभ्यास सुटल्यामुळे उणेही. दुसरी आर्ट्स करून आली आहे. तिचा दुसरा पर्याय राज्यशास्त्र किंवा मानसशास्त्र होता. सांताक्रूझच्या बी मायनसवाल्याच्या जागी बसवायची तर ती हीच. तेच कॉलेज, तेच शिक्षक, तीच गुणपत्रिका, आणि पदवीची किंमत दोघींसाठी दोन. पहिलीच्या घरी ‘इकॉनॉमिक्स घेऊन काय करणार’ हा प्रश्न रास्त आहे. दुसरीच्या घरी तो विचारणाऱ्याने आधी राज्यशास्त्र घेऊन काय करणार होती ते सांगावं.